क्यूब खुर्च्या आणि टेबल, ९ महिन्यांचा वापर (आणि पाठीच्या फळीतलं ते भोक)

रिव्ह्यू लिहायचा विचार नव्हता. पण काल कस्टमर केअरचा फोन आला, "सर, रिप्लेसमेंट पॅनल मिळालंय ना, मग कंप्लेंट क्लोज करू का?" मी म्हटलं पॅनल, म्हणजे खुर्चीच्या पाठीची फळी, मिळालं पण त्याला भोक नाहीये. तिकडून पाच सेकंद काहीच आवाज नाही. मग, "कसलं भोक सर?" म्हणून हा सगळा प्रपंच.

सेट लहान मुलांचा, दोन क्यूब (चौकोनी खोक्यासारख्या) खुर्च्या आणि एक टेबल, खुर्ची उलटी केली की बसायची उंची बदलते तो. एका बाजूने १४ सेमी, उलटी केली की २६, आणि आडवी पालथी घातली की ४० सेमीचं स्टूल. मटेरियल एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आहे, 'इंजिनिअर्ड वूड' वाचून भुलू नका. जोडायला दीड तास लागला. कॅम लॉक (फळ्या जोडणारे, फिरवून आवळायचे खटके) दर महिन्या-दीड महिन्याला एकदा आवळावे लागतात, पण हौस म्हणून सारखं उघडून परत जोडत बसू नका, एमडीएफमधून स्क्रू दोन-तीनदा काढला की मग त्याला पकड राहत नाही.

पहिल्या महिन्यात मी याला दोन स्टार दिले असते, तेही टेबलामुळे. टेबल ५२ सेमी उंच. शाळेच्या फर्निचरचं युरोपियन स्टँडर्ड आहे, ईएन १७२९, त्यात साधारण ९३ ते ११६ सेमी उंचीच्या मुलांसाठी सीट २६ आणि टेबल ४६ धरलंय, म्हणजे फरक २० सेमी. आमची लेक तेव्हा १०० सेमी, सीट बरोब्बर २६, मग टेबल ५२ कुठल्या हिशोबाने केलंय देव जाणे. ती चित्र काढायला बसली की कोपरं खांद्याएवढी वर आणि हनुवटी कागदाला टेकायची तेवढी बाकी. पालथ्या खुर्चीवर बसवलं तर पाय लोंबकळतात आणि गुडघे टेबलाला लागतात. शेवटी एका रविवारी करवत काढली आणि चारही पाय सहा-सहा सेमी उडवले (पाय तरी लाकडी आहेत, ते एक बरंय). तीन नीट कापले गेले, चौथा दोन मिमी जास्तच गेला, त्याच्याखाली फेल्टचे पॅड चिकटवलेत. टेबल झकास झालं. पण हे कापणं पुढे नडलं, सांगतो.

आता भोक. प्रत्येक खुर्चीच्या पाठीच्या फळीत वरच्या बाजूला एक लांबट गोल भोक आहे, साडेनऊ बाय साडेतीन सेमी, मी मोजलंय. उचलायला हात घालावा म्हणून दिलेलं. पोरांनी आजवर त्यात हात घालून खुर्ची एकदाही उचललेली नाही, ती ढकलतच नेतात, खालचे शेजारी साक्षीला आहेत. खुर्ची उभी असली की ते भोक तिकीट खिडकी. मागे बसून तोंड लावलं की स्टेशनवरची अनाउन्समेंट. खुर्ची अशी आडवी टाकली की पाठ वर येते आणि मग ते पोस्टाच्या पेटीचं तोंड, त्यातून कागद, मोजे, खडू, माझं पेन ड्राइव्ह (दोन दिवस शोधत होतो) सगळं आत. एकदा लेकीने आत हात घालून बॉल पकडला आणि मूठ काही बाहेर येईना. "अगं बॉल सोड, हात निघेल." तर रडतेय पण बॉल सोडत नाहीये. दहा मिनिटांनी मोठ्या मुलाने खुर्ची सरळ उलटी धरली, बॉल खालून घरंगळला, हात निघाला, आणि लगेच दोघांनी मिळून बॉल परत आत टाकला.

खरं तर सुरुवातीला आपणहून कोणी या सेटला हातच लावत नव्हतं. आम्ही मुलांच्या खोलीत अगदी कोपराबिपरा सजवला होता, वर छोटा तंबू, लाइटची माळ, फोटो काढण्यासारखं सगळं. तिकडे कोणी फिरकेना. महिनाभराने वैतागून एक खुर्ची माझ्या कामाच्या टेबलाशेजारी आणून ठेवली, आणि त्या दिवसापासून सुरू झालं ते आजपर्यंत थांबलेलं नाही. माणसं असतात तिथेच यांना दुकान थाटायचं असतं, गिऱ्हाईक लागतं ना. मी कॉलवर असलो की भोकातून एक चिठ्ठी येते, मागून आवाज, "बाबा, सही कर." सही केली की चिठ्ठी आत ओढली जाते, मग परत येते, "इथे पण." तिसऱ्यांदा सही केली की "काउंटर बंद आहे."

आता मूळ तक्रार. या भोकाची आतली कड कंपनीने रंगवलेलीच नाही. बाहेरून सगळीकडे छान मॅट रंग, आणि भोकाच्या आत कच्चं एमडीएफ, बोट फिरवलं तर भुसा लागतो. एमडीएफची कापलेली कड स्पंजसारखं पाणी पिते, हे कुठल्याही सुताराला विचारा. आमच्याकडे एक दिवस पोस्टात ओला ब्रश पडला, दुसऱ्या दिवशी ओला रुमाल, आठवड्यात भोकाची खालची कड पावासारखी फुगली आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागले.

कंप्लेंट टाकली. पहिलं उत्तर, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा. पाच महिन्यांनी! दुसरं उत्तर, वॉटर डॅमेज वॉरंटीत येत नाही. मी लिहिलं की पाणी पडणारच, लहान मुलांची खुर्ची आहे, पण कड सील केली असती तर पुसून भागलं असतं. मग माणूस आला, फोटो काढले, आणि जाता जाता त्याची नजर टेबलावर गेली. रिपोर्टमध्ये लिहिलं, "ग्राहकाने प्रॉडक्टमध्ये बदल केला आहे." अरे बाबा, मी टेबलाचे पाय कापले तर खुर्चीच्या भोकाची वॉरंटी कशी जाते? यावर तीन आठवडे मेल. शेवटी 'गुडविल' म्हणून पॅनल पाठवतो म्हणाले. आलं. सुंदर पॅक केलेलं, चारही कडा व्यवस्थित सील, आणि भोक नाही. नव्या व्हर्जनमध्ये काढून टाकलंय म्हणे.

लेकीने पॅनल उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "खिडकी कुठंय?" विषय संपला.

मग जुनंच दुरुस्त केलं, सांगून ठेवतो, कोणाला उपयोग होईल. आधी फळी चार दिवस पूर्ण वाळू दिली. फुगलेला भाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खाली घेतला, मग २४० ने गुळगुळीत. पांढरा ग्लू निम्मं पाणी घालून पातळ केला आणि कडेला दोन हात दिले, वाळल्यावर परत २४० हलक्या हाताने, आणि वरून वॉटर बेस्ड क्लिअर (बिनरंगी) वार्निशचे दोन कोट. वास जाईपर्यंत खुर्ची गॅलरीत, आणि तितके दिवस घरात पोस्टाचा संप. दुसऱ्या खुर्चीचं भोक फुगलेलं नव्हतं तरी तेही सील करून टाकलं. आता काही महिने झाले, ओला रुमाल पडतो, पुसतो, काही होत नाही. मोजून अर्ध्या तासाचं काम आहे, कारखान्यात तर दोन मिनिटांचं असेल.

एका रात्री याच्यावरच शोधत बसलो होतो तर कळलं की ही आयडिया काही आजची नाही. क्रिस्टियन वेडेल नावाच्या डॅनिश डिझायनरने १९५७ मध्ये लहान मुलांसाठी प्लायवूडची वाकवलेली खुर्ची केली होती, तिच्या पाठीत खाचा, त्यात सीटची फळी हवी त्या उंचीला सरकवायची, आणि आडवी टाकली की खेळणं. म्हणजे उंची आणि भोकं दोन्हीचा विचार तेव्हाच झालाय. आणि आमचे लोक व्हर्जन अपडेट करून भोक बुजवतात.

याच्याआधी आम्ही मोठ्यासाठी कारच्या आकाराचा बेड घेतला होता, हेडलाइट वगैरे असलेला, याच्या कितीतरी पट महाग. तो पहिल्या दिवशी कार होता, आजही कारच आहे, आणि मुलगा सात वर्षांचा झाल्यावर म्हणतो, माझे मित्र येणार आहेत, त्यावर चादर टाका. खुर्चीत मात्र हाच मुलगा गुडघे दुमडून अजून बसतो, तिकीट तपासनीस म्हणून.

तर सध्या साडेतीन स्टार. कडा सील केलेलं आणि भोक ठेवलेलं असं व्हर्जन आलं तर पाच. ऑर्डर करणाऱ्यांनो, लिस्टिंगमधल्या फोटोत अजून जुनीच, भोकवाली खुर्ची आहे, येते ती बिनभोकाची, आधी विचारून घ्या.

आणि एक मदत हवीये. ते नवं पॅनल फुकटचं असल्यामुळे टाकवत नाही, कपाटामागे पडून आहे. त्याला ३५ मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) दोन भोकं पाडून मधला भाग जिगसॉने कापायचा विचार आहे. एमडीएफचा भुसा नाकात जातो, मास्क लावायचा, पोरांना लांब ठेवायचं, मागे टाकाऊ फळी घट्ट धरायची, एवढं माहितीये. पण समोरून रंगाचे टवके उडू नयेत म्हणून नुसती मास्किंग टेप पुरते का? कोणी केलं असेल तर सांगा, शनिवारी ड्रिल मिळणार आहे.