लॅपटॉपचं वाय-फाय केबलने डेस्कटॉपला: विंडोजचं शेअरिंग, ब्रिज की लिनक्स?

राउटर हॉलमध्ये, डेस्कटॉप आतल्या खोलीत, डेस्कटॉपला वाय-फाय कार्ड नाही आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. कोथरूड-कर्वेनगरात भाड्याने किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना ही अडचण नवीन नाही. यूएसबीचा वाय-फाय डोंगल चालत असेल तर सरळ तोच घ्या, पुढचा खटाटोप नको. पण कधी डोंगलचा ड्रायव्हर मिळत नाही, कधी पलीकडचं यंत्र असं असतं की त्याला लॅनचं पोर्ट सोडून काहीच नाही. मग लॅपटॉपने वाय-फाय घ्यायचं आणि केबलने पुढे द्यायचं, एवढंच उरतं.

केबलचं आधी उरकून टाकतो. तापकीर गल्लीत मिळणारी साधी कॅट ५ई पॅच कॉर्ड पुरते. दोन्हीपैकी एका बाजूला जरी गिगाबिट पोर्ट असेल तरी क्रॉसओव्हर केबल, म्हणजे आतल्या तारा उलटसुलट जोडलेली केबल, लागत नाही. दोन्ही पोर्ट जुनी, १०० एमबीपीएसची असतील तरच तो प्रश्न येऊ शकतो. दोन्हीकडे गिगाबिट असूनही लिंक १००वरच अडली, तर केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटली आहे असं धरून आधी केबल बदला. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी ३.० चा गिगाबिट अ‍ॅडॉप्टर घ्या. १०० एमबीपीएसवाला ९४-९५च्या वर जात नाही, आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर निम्मे पैसे वाया जातात.

आता खरी निवड.

विंडोजचं इंटरनेट कनेक्शन शेअरिंग, म्हणजे आयसीएस, विंडोज ९८च्या सेकंड एडिशनपासून आहे. सुरू करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करा, वाय-फायवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, पहिल्या चौकटीत टिक, खालच्या यादीत इथरनेट निवडा आणि ओके. टिक वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्येच करायची. इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये केली तर उलटा कारभार होतो, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. यानंतर लॅपटॉपच्या इथरनेटला १९२.१६८.१३७.१ हा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कातला यंत्राचा क्रमांक, मिळतो आणि डेस्कटॉपला त्याच मालिकेतला पत्ता आपोआप जातो. डेस्कटॉपवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर लॅपटॉपकडून पत्ता पोचलेलाच नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस किंवा फायरवॉल तपासा. हिंजवडीतल्या ऑफिसचा लॅपटॉप असेल तर शेअरिंग कंपनीच्या धोरणानेच बंद केलेलं असू शकतं. तिथे धडपड करू नये.

ब्रिज कागदावर सगळ्यात चांगला. वाय-फाय आणि इथरनेट दोन्ही सिलेक्ट करून ब्रिज कनेक्शन्स म्हटलं की डेस्कटॉप थेट राउटरच्या नेटवर्कात यायला हवा, म्हणजे घरातला प्रिंटरही आपोआप सापडेल. प्रत्यक्षात वाय-फायवर तो बेभरवशाचा आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. साधा वाय-फाय क्लायंट राउटरला जी फ्रेम, म्हणजे माहितीचं पाकीट, पाठवतो तिच्यात तीनच पत्त्यांची जागा असते. राउटरचा, पाठवणाऱ्याचा आणि जिथे जायचं तिथला. रेडिओवरून फ्रेम सोडणारा लॅपटॉप आणि मूळ पाठवणारा डेस्कटॉप हे दोघं वेगळे आहेत, हे सांगायला चौथी जागा लागते. ती या साध्या जोडणीत नसते. आणि राउटर तर स्वतःशी जोडलेल्या मॅक पत्त्याखेरीज (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाखेरीज) कुणाचं ऐकत नाही. विंडोज पत्त्यांची अदलाबदल करून मार्ग काढायचा प्रयत्न करतं. काही वाय-फाय कार्डांवर ते जमतं, काहींवर नाही, आणि जमेल की नाही हे आधी कळत नाही. शिवाय ब्रिज होताना लॅपटॉपचं स्वतःचं नेट तुटतं. आयसीएस चालू असताना ब्रिज होतही नाही, आधी ती टिक काढावी लागते. प्रिंटर हीच गरज असेल तर ब्रिजच्या मागे न लागता डेस्कटॉपवर प्रिंटरचा आयपी पत्ता हाताने टाका. शेअरिंगच्या पलीकडूनही छपाई सहसा होते, फक्त प्रिंटर आपोआप सापडत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे कपाटात पडलेला जुना लॅपटॉप काढून त्यावर लिनक्स मिंट टाकायचं आणि वाटपाचं काम त्याच्याकडे सोपवायचं. नेटवर्क कनेक्शन्समध्ये इथरनेटचं प्रोफाइल उघडा आणि आयपीव्ही४च्या टॅबमध्ये मेथड म्हणून ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ निवडा. लॅपटॉपला १०.४२.०.१ हा पत्ता येतो, डेस्कटॉपला त्याच मालिकेतला. आत डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम पत्ते वाटतो. मिंट आणि उबुंटूत तो आधीच असतो, आर्चसारख्या इतर लिनक्समध्ये वेगळा घालावा लागतो. यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू असेल तर पत्ते वाटण्यासाठी यूडीपीचं ६७ आणि डीएनएसचं, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचं, ५३ ही सॉफ्टवेअरमधली पोर्टं केबलच्या बाजूने उघडी ठेवा. त्याच यंत्रावर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर तो पुढे जाणारी वाहतूक अडवू शकतो, म्हणून या कामाच्या लॅपटॉपवर डॉकर नसलेलाच बरा.

वेगाचं म्हणाल तर मला तरी आयसीएस आणि लिनक्समध्ये फरक जाणवला नाही. लॅपटॉप राउटरपासून किती लांब आहे यानेच काय तो फरक पडतो.

माझ्यासाठी पारडं झुकलं ते एकाच गोष्टीने: लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर आयसीएस बंद पडतं. आणि ते नुसतं बंद पडत नाही, चालू असल्याचं दाखवत बंद पडतं. शेअरिंगच्या टॅबमध्ये टिक तशीच असते, डेस्कटॉपवर मात्र नेट नसतं. टिक काढा, ओके, परत टिक, परत ओके, की सुरू. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी तेवढा वेळ तग धरत नाही, आणि वीज आल्यावर दर वेळी हा टिक-उतारा करत बसावं लागतं. घरी फक्त आई-बाबा असतील तर फोनवरून हे समजावून सांगणं फार अवघड जातं.

यावर मायक्रोसॉफ्टने उपाय दिला आहे, तो सांगायलाच हवा. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून आयसीएसमधून चार मिनिटं काहीच वाहतूक झाली नाही की ती सर्व्हिस थांबते आणि आपण होऊन उठत नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन इंटरनेट कनेक्शन शेअरिंगचा स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा. मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, शेअर्डअ‍ॅक्सेस इथे नवीन डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) करा. नाव एनेबल, रीबूट, पर्सिस्ट, कनेक्शन हे चार शब्द जागा न सोडता सलग लिहून द्यायचं, किंमत १. याने बराच फरक पडतो. तरीही मोठ्या अपडेटनंतर टिक एकदा तपासावीच, असं मी म्हणेन.

लिनक्समध्ये शेअरिंग हा त्या प्रोफाइलचाच गुण असतो, त्यामुळे यंत्र उठलं की वाटप सुरू. राउटर उशिरा चालू झाला तरी डेस्कटॉपचा पत्ता शाबूत राहतो आणि वाय-फाय जुळलं की नेट वाहू लागतं. फक्त तीन गोष्टी आधी करून ठेवा. वाय-फायच्या प्रोफाइलमध्ये पासवर्ड सगळ्या वापरकर्त्यांसाठी साठवा, नाहीतर लॉगिन करेपर्यंत वाय-फाय जुळत नाही. पॉवर मॅनेजमेंटमध्ये झाकण बंद केल्यावर काहीच करू नये, असं निवडा. आणि सस्पेंड पूर्ण बंद करा. मग घरच्यांनी पॉवरचं बटण दाबलं की काम भागतं.

रोजच्या कामाचा एकच विंडोज लॅपटॉप असेल आणि नेट दोन-चार दिवसच द्यायचं असेल, तर अर्थातच आयसीएस लावा. एवढ्यासाठी लिनक्स टाकण्याची गरज नाही. महिनोन्‌महिने चालवायचं असेल आणि जुनं यंत्र हाताशी असेल, तर मी लिनक्सकडे वळेन.

काहीही निवडलंत तरी अडल्यावर तपासण्याचा क्रम एकच. डेस्कटॉपवरून आधी लॅपटॉपच्या केबलकडच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते बघा. तो लागला नाही तर दोष केबल, पत्ता किंवा फायरवॉलचा. तो लागला की १.१.१.१ या इंटरनेटवरच्या पत्त्याला करा. तिथे अडलं तर शेअरिंग बंद आहे किंवा लॅपटॉपचंच वाय-फाय गेलं आहे. दोन्ही लागूनही वेबसाइट उघडत नसेल तर डेस्कटॉपवरचा डीएनएस आपोआप मिळण्यावर ठेवा.