दर इंचाचा, पैसे चौरस इंचाचे: मालवणात टॅटू काढण्याआधी हे वाचा

मे महिन्यात मालवण पर्यटकांनी भरलेलं असतं. किल्ल्याच्या होड्या, स्कूबा, आणि त्यांच्याच आजूबाजूला सीझनपुरते उभे राहणारे टॅटूचे स्टॉल. माझा मामेभाऊ कुडाळहून मित्रांबरोबर गेला होता. अशाच एका स्टॉलवर बोर्ड होता, ‘इंचाला 500’. त्याने दंडावर शिडाचं गलबत काढायचं ठरवलं, उंची चार इंच. म्हणजे 2,000 रुपये, असा त्याचा हिशोब. स्टॉलवाल्याने मान डोलावली आणि मशीन सुरू केलं.

बाह्यरेषा अर्ध्यावर आल्यावर खरा आकडा बाहेर आला. चित्र चार इंच उंच, तीन इंच रुंद, म्हणून बारा चौरस इंच: 6,000 रुपये. शिडांच्या आणि डोलकाठीच्या मधली कोरी कातडीसुद्धा त्यात मोजलेली. शेडिंगचे 1,500, रंगाचे 1,000, सुई-शाईचे 500. एकूण 9,000. मला फोन आला तेव्हा पोराचा आवाज रडवेला होता, “दादा, अर्ध्यार उठान येव कसो?”

सगळी फसवणूक याच क्षणावर उभी आहे. हॉटेलात जास्त पैसे लावले तर भांडून उठता येतं. अर्धं गलबत दंडावर घेऊन कोण उठेल? पहिली रेघ उमटली की घासाघीस संपते, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

चौरस इंचाने दर लावणं यात गैर काही नाही. चांगले कलाकारही तसा लावतात, मोठ्या कामाला तासावर घेतात, लहान कामाला किमान रक्कम ठरलेली असते. पण ते स्टेन्सिल, म्हणजे चित्राचा कच्चा छाप, कातडीवर उमटवून, मोजून, रंग-शेडिंगसकट एकच आकडा आधी सांगतात. तो आकडा व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. सुईचे वेगळे पैसे मागणं मला तर संतापजनक वाटतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी निर्जंतुक सुई हवीच, ती काही वरची चैन नव्हे. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, शाई छोट्या टोपणात ओतून उरलेली फेकली पाहिजे. भावासमोर पाकीट फोडलंच नव्हतं. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो, त्यामुळे पैशांपेक्षा घरच्यांना ती काळजी जास्त लागली. डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी केली, तो खर्च वेगळाच. शिवाय टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हे तिथे कुणी सांगितलं नाही. गावच्या शिबिरात नेमाने रक्त देणारा मुलगा तो!

वर सल्ला काय, तर “संध्याकाळी समुद्रात उतरलात तरी चालेल.” अजिबात उतरू नका. ताजा टॅटू ही उघडी जखम असते, खाऱ्या पाण्यातल्या जंतूंचा संसर्ग गंभीर होऊ शकतो. भरून यायला दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात.

भावाच्या टॅटूत सुई खोल गेल्याने शाई कातडीखाली पसरली आणि गलबताच्या दोरांच्या बारीक रेषा फिसकटल्या. ‘टच-अप फुकट’ असं तोंडी वचन होतं, पण पावसाळा लागण्याआधीच स्टॉल उठला. लेझरने काढायचं म्हटलं तर बऱ्याच बैठका लागतात, दोन बैठकांत आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, गलबताच्या शिडांचा हिरवा रंग मात्र चिवट. खर्च टॅटूपेक्षा जास्त.

पैसे यूपीआयने कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात गेले, पावती नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. भावाकडे व्यवहाराचा स्क्रीनशॉट आहे, बोर्डाचा फोटो नाही. तुमच्यापैकी कुणी यंदा मालवणात ‘इंचाला 500’ वाचून असेच पैसे मोजले असतील आणि बोर्डाचा फोटो मोबाइलमध्ये असेल, तर तो पुसू नका, आम्हाला कळवा. तक्रारीत तो जोडायचा आहे.