२०० च्या प्लॅनवर ४१२ चा स्पीड

मी ३४ वर्षं वीज मंडळात काढली, त्यातली बरीचशी लाइनवर. ‘सप्लाय बंद आहे’ असं दुसऱ्यानं सांगितलं म्हणून कधी खांबावर चढलो नाही. स्वतः अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावला नाही. आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून, चहा पीत, एका पंचविशीतल्या पोराकडून २५ हजारांना गंडलो. तेही वायरीतच. लिहायला लाज वाटते, पण आमच्या पेठेत आणखी दोन घरांत तसलेच पांढरे डबे भिंतीवर पाहिले, म्हणून लिहितोय.

आमचं साताऱ्यातलं घर तीन मजली. खालचा मजला आजोबांच्या वेळचा, काळ्या दगडाचा, भिंती दोन फुटांच्या. वरचे दोन मी चढवले. इंटरनेटचा फायबर येतो खाली सोप्यात आणि मुलगा काम करतो सगळ्यात वरच्या खोलीत. पुण्याच्या कंपनीत आहे, आठवड्यातून दोन दिवस तिकडे जातो, बाकी दिवस घरूनच. वर रेंज म्हणजे एक कांडी, तीही लागली तर. रोज अकराच्या मीटिंगला ‘बाबा, खालचा टीव्ही बंद करा’ अशी हाक यायची.

पेठेच्या ग्रुपवर विचारलं, तर एकानं या पोराचा नंबर दिला. मंडळाच्या गणपतीसमोर कॅमेरे यानंच लावले होते, त्यामुळे माझ्या लेखी तो घरचाच झाला. तो आला, भिंतींवर टकटक केलं आणि म्हणाला, “काका, रिपीटर लावू नका, निम्मा स्पीड जातो. तुम्हाला मेशच पाहिजे.”

हे त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. साधा रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे सोडणारा डबा, ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे निम्मा वेळ ऐकण्यात जातो. मेश म्हणजे दोन-तीन डबे मिळून एकच जाळं. घरभर एकच नाव, आणि चालता चालता फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर कळू न देता जातो. डबे एकमेकांना हवेतून जोडलेले असू शकतात, पण आमच्यासारख्या दगडी घरात वायरीनं जोडावेत, हेही त्यानंच सांगितलं. असा माणूस फसवील असं वाटत नाही. सगळं बरोबर बोलला आणि त्यातलं काहीच केलं नाही.

हिशोब असा दिला: तीन डबे, ६,५०० ला एक, म्हणजे १९,५००. ‘प्युअर कॉपर’ केबल ६० मीटर, ४५ रुपये मीटरनं २,७००. फिटिंग ३,०००. एकूण २५,२००. मी घासाघीस केली, त्यानं दोनशे सोडले. त्या दोनशेचा मला इतका आनंद झाला की बिल मागायचं राहून गेलं. हातात आला तो ‘एस्टिमेट’ असं छापलेला कागद. पैसे गेले त्याच्या खासगी नंबरवर, यूपीआयनं.

फिटिंगच्या दिवशी मुलगा पुण्याला होता. पोरानं केबल छान क्लिपा मारून, अगदी ओळंब्यात नेली. त्याचं मला कौतुकच वाटलं. मग वरच्या खोलीत जाऊन स्वतःचा फोन काढला आणि स्पीड टेस्ट लावली. काटा सरसर चढत गेला आणि ४१२ एमबीपीएसवर थांबला.

मी म्हटलं, “अरे, आमचा प्लॅन २०० चा आहे.”

“काका, मेशमध्ये तिन्ही डब्यांची बेरीज होते.”

मी मान डोलावली. खाली तीन ट्रान्सफॉर्मर लावले म्हणून फीडरला, म्हणजे सबस्टेशनातून येणाऱ्या मुख्य लाइनला, वरून जास्त वीज येत नाही, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण स्वतःच्या घरात ४१२ चा आकडा दिसला की माणसाची अक्कल चरायला जाते. मी त्याच्या फोनचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला. त्यानंही अंगठा पाठवला. तो इंजिनिअर आहे.

पहिला आठवडा कांड्या फुल होत्या, म्हणून आम्ही खूश. मग एकेक गोष्ट खटकायला लागली. मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा गोठायचा, तेही कांड्या फुल असताना. बोलत बोलत जिना उतरला की वळणावर फोन हमखास तुटायचा. खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसेनासा झाला. आणि मुलानं लॅपटॉपला थेट वायर लावून पाहिली, तर आकडा कधी ८०, कधी ९०. ९४ च्या वर काही केल्या जाईना.

कांड्यांचं कोडं मला माझ्या भाषेत उमगलं. कांड्या दाखवतात फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं. डबा आणि इंटरनेट यांच्यातलं त्या काहीच दाखवत नाहीत. ढिल्या जॉइंटवर मीटर लावला तर २३० व्होल्ट बरोबर दिसतात. पंप चालू केला की दिवे मंद होतात. तसंच हे.

पोराला फोन केला. म्हणाला, “दगडी भिंती आहेत काका, अजून एक डबा लागेल.” आणखी ६,५००. वर वर्षाचा देखभालीचा करार करून टाका, २,५०० फक्त. डब्याचा ॲडमिन पासवर्ड मागितला, तर म्हणे तो आमच्याकडेच राहतो, सिक्युरिटीसाठी. घराला कुलूप बसवणाऱ्यानं किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, आणि आपण त्याला ‘थँक्यू’ म्हणावं, तसला प्रकार. त्या दिवशी मुलाचं डोकं सटकलं.

रविवारी दोघं बसलो. मुलानं फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर दाबलं. तिथे ‘गेटवे’ म्हणून एक पत्ता दिसतो, जाळ्यातून बाहेर पडायच्या दाराचा. जाळं एकच असेल तर तो घरभर एकच असतो. खाली १९२.१६८.१.१ होता, मधल्या मजल्यावर १९२.१६८.०.१ आणि वर १९२.१६८.१०.१. तीन मजले, तीन वेगळी घरं. म्हणजे मेश वगैरे काही नव्हतं. तीन साधे राउटर एकामागे एक जोडून तिघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला होता. वरून बघणाऱ्याला जाळं एकच वाटतं. पण जिना उतरताना फोन एका घरातून दुसऱ्या घरात जात होता आणि त्याचा पत्ताच बदलत होता, म्हणून कॉल तुटायचा. प्रिंटर शेजारच्या घरात, मग दिसणार कसा? ज्यांनी मेश म्हणून काही बसवून घेतलंय त्यांनी प्रत्येक मजल्यावर हा गेटवे एकदा बघावा. दोन मिनिटांचं काम आहे, कुणाला बोलवावं लागत नाही.

मग वायर बघितली. टोकाचा प्लग पारदर्शक असतो. आठ तारा असायला हव्यात, दिसल्या चार. केशरीची जोडी आणि हिरव्याची जोडी. निळी आणि तपकिरी वेष्टनाच्या आतच कापून टाकलेली. दोन जोड्यांवर १०० एमबीपीएस चालतं. त्याच्या वर जायचं, गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस हवं, तर चारही जोड्या लागतात. ते ९४ कुठून येत होते ते कळलं: १०० च्या लिंकवर हाताशी तेवढेच लागतात. प्लॅन २०० चा घ्या नाहीतर ५०० चा, त्या वायरीतून वर तेवढंच जाणार.

तांब्याचं मात्र मला पाहायचंच होतं. एक तार ब्लेडनं खरवडली. दोनदा घासल्यावर तांबूस रंग निघाला आणि आत पांढरंशुभ्र. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. दोन-तीनदा वाकवली, तुटली. मला ॲल्युमिनियमचं वावडं नाही. जन्मभर वीझल, रॅबिट, डॉग या ॲल्युमिनियमच्याच तारा ओढल्या. पण तिथे वाहकता तांब्याच्या ६१ टक्के धरून हिशोब करतात आणि तांब्याचे पैसे घेत नाहीत. नुसतं हातात वजन तोलून कळायला हवं होतं. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. केबलचं वेटोळं मीच तर जिन्यातून वर नेलं होतं, एका हातानं. तेव्हा मनात आलेलं मला आठवतंय: वा, हल्लीचा माल किती हलका येतो.

डब्यांवर मोठ्या अक्षरात ‘मेश १२००’ असा स्टिकर होता. या १२०० ची गंमतही सांगून टाकतो. चांगल्या कंपन्यांच्या खऱ्या डब्यांवरही तो असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ३०० आणि ५ च्या पट्ट्यावरचे ८६७, दोन्ही कागदावरचे आकडे, यांची बेरीज करून वर गोल केलेला. एका फोनला तेवढा स्पीड कधीच मिळत नाही. आमच्या डब्यांत तर ५ चा पट्टाच नव्हता. बायकोचा हेअर ड्रायर आणला, स्टिकरवर मिनिटभर धरला आणि नखानं कोपरा उचलला. अख्खा स्टिकर सुटून आला. खाली दुसरा, जुना, पिवळट पडलेला. त्यावर ‘३०० एमबीपीएस’, एका इंटरनेट कंपनीचं नाव, आणि हा डबा कंपनीच्या मालकीचा असून विक्रीसाठी नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ. कनेक्शन सोडलेल्या गिऱ्हाइकांकडून परत आलेले डबे होते ते. खोक्यावरचा सीरियल नंबर आणि डब्यावरचा नंबर तिन्हींचे वेगळे. ॲडॉप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, ‘आर’ ने सुरू होणारा नंबर होता, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला, सापडलाच नाही.

बायको इतका वेळ गप्प होती. ड्रायर गुंडाळत म्हणाली, “अहो, तो फोटो बघा ना.”

बघितला. मोठा केला. ४१२ च्या खाली बारीक अक्षरात नेट कुणाचं ते लिहिलेलं असतं. तिथे आमच्या फायबरवाल्याचं नाव नव्हतं, मोबाइल कंपनीचं होतं. आणि वरच्या पट्टीत वाय-फायच्या पंख्याच्या जागी ‘५जी’. पोरानं स्वतःच्या सिमवर टेस्ट करून दाखवली होती! महिनाभर पुरावा माझ्या खिशात फिरत होता. तेव्हा टेस्ट नेहमी आपल्याच फोनवर करावी, मोबाइल डेटा बंद करून, आणि ज्या खोलीत अडचण आहे त्या खोलीत, दार लावून.

वसुलीचं सांगतो. पोरगा म्हणाला, माल दुकानाचा. दुकानदार म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पण हेही स्पष्ट सांगितलं की त्या मध्यस्थी करतात, हुकूम देत नाहीत. पुढचं जिल्हा आयोगाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे बिल नाही म्हणून आपण हात चोळत बसायचं कारण नाही. तक्रार आपण राहतो तिथेच करता येते, दोन वर्षांपर्यंत करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एस्टिमेटचा कागद, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवरचं ‘प्युअर कॉपर आहे काका’ हे वाक्य, सोललेल्या तारेचा आणि दोन्ही स्टिकरचा फोटो असं सगळं जोडून साधी मराठीत नोटीस लिहिली आणि स्पीड पोस्टनं पाठवली. वकील केला नाही.

घरातलं काम तोवर मुलानंच उरकलं. अस्सल तांब्याची कॅट-६ केबल, आठही तारा लावून. गिगाबिट पोर्टचे मेशचे दोनच डबे, एक मधल्या मजल्यावर आणि एक वर, दोन्ही खालून वायरीनं आणलेले आणि राउटर म्हणून नव्हे तर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळं जाळं न करता खालचंच जाळं वर नेणारे, असे लावलेले. सगळं मिळून साडेअकरा हजारांत. तिसऱ्याची गरजच नव्हती, सोप्यात फायबरचाच डबा पुरतो. माझी भर एवढीच की दोन्ही डब्यांचे प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. त्या पोरानं मधला डबा साध्या बोर्डावर टाकला होता, म्हणजे लाइट गेली की खाली नेट चालू आणि वर अंधार. ते तरी मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं.

नोटीस पोचल्यावर आठव्या दिवशी पोरगा दारात. आधी म्हणाला, डबे परत द्या. मी म्हटलं, ते आता पुरावा आहेत, माळ्यावर राहतील. मग बराच वेळ ‘काका, तुम्ही वडिलांसारखे’ झालं. बायकोनं चहा दिला, मला तो दिलेला आवडला नाही. शेवटी १६ हजारांवर तोडगा निघाला. मुलगा नको म्हणत होता, पूर्ण घ्या म्हणत होता. मी हो म्हटलं, वयाचा परिणाम असेल. ८ हजार त्यानं तिथल्या तिथे पाठवले. पैसे आल्याचं मी या वेळी त्याच्या फोनवर नाही, माझ्या फोनवर बघितलं. उरलेले ८ हजार ३१ तारखेला देतो म्हणाला. कुठल्या महिन्याच्या, ते विचारायचं राहून गेलं.