सी भाषेची क्रमिक पुस्तके : औरंगपुऱ्यातील दुकानांत मिळणारी आणि घेण्याजोगी

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात बी.सी.ए. आणि बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाचे विद्यार्थी सी भाषेचे जे पुस्तक घेतात, ते बहुधा एकाच साच्यातले असते : मुखपृष्ठावर ‘नवीन अभ्यासक्रमानुसार’ अशी ठळक ओळ, आत अभ्यासक्रमातील घटकांइतकीच प्रकरणे आणि प्रत्येकाच्या शेवटी मागील परीक्षांचे प्रश्न. किंमत आवाक्यातली असते, आणि हिंगोली किंवा अंबडहून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला त्यातले छोट्या वाक्यांचे इंग्रजी झेपते. हा या पुस्तकांचा खरा गुण असून तो नाकारून चालणार नाही. प्रश्न एवढाच, की त्या सोप्या वाक्यांत सांगितलेले कितपत बरोबर आहे.

याची परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येते. पहिलाच प्रोग्रॅम ‘व्हॉइड मेन’ने सुरू होऊन ‘सीएलआरएससीआर’ने पडदा पुसत असेल, तर पुस्तक टर्बो सीसाठी लिहिलेले आहे असे समजावे. टर्बो सी हा बोर्लंड कंपनीने 1987 साली डॉस या जुन्या संगणकप्रणालीसाठी आणलेला कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन. आज मुले जीसीसी हा जो कंपायलर वापरतात त्यात ‘सीएलआरएससीआर’ हे फंक्शनच नाही. तरीही हा दोष तुलनेने किरकोळ, कारण प्रोग्रॅम कंपाइल होत नाही हे निदान लगेच कळते. खरी अडचण ‘इंट’च्या, म्हणजे पूर्णांक साठवणाऱ्या प्रकाराच्या, प्रकरणात येते. टर्बो सीमध्ये ‘इंट’ दोन बाइटचा असल्यामुळे 32767 हा त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ठरतो, आणि त्यात एक मिळवला की पुस्तकात छापल्याप्रमाणे उणे 32768 मिळते. विद्यार्थ्याच्या संगणकावर ‘इंट’ चार बाइटचा असतो आणि उत्तर सरळ 32768 येते. पुस्तक एक सांगते, यंत्र दुसरेच दाखवते, आणि पहिल्या सहामाहीतला विद्यार्थी साहजिकच स्वतःला चुकीचा ठरवतो.

याहून वाईट आहे तो ‘आउटपुट सांगा’ हा प्रश्नप्रकार. ‘आय = आय++ + ++आय’ यासारख्या, ‘आय’ची किंमत एकाच वेळी अनेकदा बदलणाऱ्या विधानाला सी भाषेच्या मानकाने कोणतेही निश्चित उत्तर दिलेले नाही; कंपायलर बदलला की निकाल बदलू शकतो आणि दोन्ही कंपायलर नियमाला धरूनच वागलेले असतात. असे असताना अनेक पुस्तके एकच आकडा छापतात, त्याखाली पायऱ्यापायऱ्यांचे स्पष्टीकरणही देतात, आणि तोंडी परीक्षेत तेच विचारले जाते. (ज्या विधानाला अर्थच नाही त्याच्या उत्तराला पूर्ण गुण मिळतात, हे आपल्याकडे कोणाला खटकत नाही.) ‘गेट्स’ या फंक्शनचेही तसेच : वाचलेला मजकूर राखलेल्या जागेत मावतो की नाही हे ते पाहत नाही म्हणून 2011 च्या मानकातून ते काढून टाकले गेले, तरी स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, प्रकरणात ते अजून ठाण मांडून बसलेले आढळते.

चांगले पुस्तक ओळखण्यासाठी मी ॲरेचे, म्हणजे एकाच प्रकारच्या अनेक किमती ओळीने साठवण्याचे, प्रकरण उघडतो. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे पर्जन्यमान साठवायचे झाल्यास जागांचे क्रमांक शून्य ते सात असतात. त्या जागा एकामागून एक वाचणाऱ्या लूपमध्ये ‘आठपेक्षा लहान’ऐवजी ‘आठपेक्षा लहान किंवा समान’ लिहिले गेले, तर सी भाषा अडवत नाही, नवव्या जिल्ह्याचा म्हणून मेमरीतला कुठला तरी आकडा बेरजेत मिसळून ती पुढे जाऊ शकते. ही चूक प्रत्येक नवशिक्याकडून होते. जे पुस्तक असा बिघडलेला प्रोग्रॅम मुद्दाम छापते, त्याचा चुकीचा निकाल दाखवते आणि दोष कसा शोधायचा ते सांगते, ते घ्यावे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक स्थानिक पुस्तकांत एकही चुकलेला प्रोग्रॅम नाही. सगळे पहिल्याच फटक्यात चालतात, जे प्रयोगशाळेत कधीच घडत नाही.

यावर उपाय म्हणून वरच्या वर्गातले विद्यार्थी कर्निघन आणि रिची यांचे 1978 सालचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ सुचवतात. 1988 ची दुसरी आवृत्ती आजही वाचनीय आहे आणि तिच्यातील छोटे, नेटके प्रोग्रॅम तर आदर्शच म्हणावेत. परंतु हे प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारे पुस्तक नाही, वाचकाला चल, लूप, फंक्शन या कल्पना थोड्याफार माहीत आहेत असे आम्ही धरले आहे, असे लेखकांनीच प्रस्तावनेत म्हटले आहे. प्रथम वर्षाच्या पहिल्याच महिन्यात ते हाती देणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे. दुसऱ्या सहामाहीत, पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारा चल) एकदा शिकून झाल्यावर, ते जरूर घ्यावे.

तोवर परीक्षेपुरते स्थानिक पुस्तक ठेवायला हरकत नाही, मात्र त्यातला प्रत्येक प्रोग्रॅम जीसीसीवर, इशारे दाखवणारा ‘वॉल’ हा पर्याय लावून चालवावा. ‘आय++’च्या त्या विधानाखाली छापलेल्या आकड्याबद्दल पुस्तक अवाक्षर काढत नाही, या पर्यायासह जीसीसी मात्र तिथे इशारा देतो.