किमोच्या औषधाचं 'मूळ झाड' विकणारा वैद्य : आमच्या घरात काय घडलं ते वाचा

आमच्या मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरवर पसरलेला. पहिली किमो लागू पडेना म्हणून डॉक्टरांनी इरिनोटेकॅनवाली चालू केली. त्या औषधाने जुलाब फार होतात, मामा पार गळून गेले, तोंडाला चव नाही, आणि नेमकं तेव्हाच मामीच्या भिशीतल्या एका बाईंनी एका 'वैद्यां'चा नंबर दिला.

हा माणूस औषध विकायचं नावच काढत नाही आधी. रिपोर्टचे फोटो मागवतो, कुठली किमो चालू आहे ते नीट वाचतो आणि मग म्हणतो, "वहिनी, हे इंजेक्शन म्हणजे आपला सह्याद्रीतला नरक्या हो, आपल्या नंदुरबारच्या माणसाने शोध लावला आणि अमेरिकेने पळवला. कंपन्या त्यात केमिकल घालतात म्हणून जुलाब होतात. मी मूळ झाडाची साल देतो, साईड इफेक्ट शून्य." मामेभावाने गूगल केलं तर नरक्या नावाचं झाड खरं, नंदुरबारचा माणूसपण खरा, मग काय, सगळ्यांचा विश्वास बसला.

लोचा इथेच आहे, कारण अर्धी गोष्ट खरीच आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य जगापुढे आणलं, पण ते एका चिनी झाडापासून आणि तेही अमेरिकेतच काम करताना, पळवापळवी वगैरे काही नाही. तेच द्रव्य आपल्या घाटातल्या नरक्यातही असतं, म्हणून तर त्याची चोरटी तोड होते आणि वनखात्याने गाड्या पकडल्याच्या बातम्या येतात. पण त्या वैद्याने जे सांगितलं नाही ते असं, की हे मूळ द्रव्य १९७० च्या आसपास पेशंटना देऊन बघितलं होतं आणि जुलाब, मूत्राशयाला जबर इजा यामुळे ते थांबवावं लागलं. पुढे जपानमध्ये त्याच्या रेणूत बदल करून इरिनोटेकॅन बनवलं, १९९६ ला अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणजे हा ज्याला 'केमिकल घालतात' म्हणत होता त्या बदलामुळेच ते माणसाला देण्यासारखं झालं! आणि ते पण रक्ताचे रिपोर्ट बघून, मोजून मापून, चमच्याने नाही.

बरं, आलं काय? कुरिअरने पावडरचं पाकीट आणि हळदीच्या कॅप्सूल, बावीस हजार रुपये, ते पण कुणातरी बाईच्या नावावरच्या पर्सनल यूपीआयवर. पाकिटावर लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे तेसुद्धा नाही. वर सूचना, किमो बंद ठेवा, दोन्ही एकत्र 'गरम पडतं'.

सुरुवातीला मामांना एकदम भूक लागायला लागली, उठून बसायला लागले, गप्पा मारायला लागले, मामी तर त्याला देवच मानायला लागली. मग चेहरा सुजला, शुगर वाढली. त्याला विचारलं तर म्हणे सूज म्हणजे विष बाहेर पडतंय, आता सुवर्णभस्माचा पुढचा कोर्स घ्या, अडतीस हजार. तेपण दिले मामीने, बांगडी मोडून!!

मी सुट्टीला गेले तेव्हा मामांचं तोंड बघून हट्टाने त्यांना पाकिटासकट कॅन्सरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले असल्या पावडरीत बऱ्याचदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं, भूक आणि तरतरी त्याचीच, आणि ते एकदम बंद केलं तरी धोका, त्यामुळे त्यांनी टेस्ट करून हळूहळू उतरवलं. कुणाच्या घरी असलं काही चालू असेल तर गुपचूप फेकून देऊ नका, पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा, ते रागावले तर रागावू देत. हळदीच्या कॅप्सूलवरपण ते चिडले, कारण त्यात मिरीचा अर्क होता आणि त्याने किमोची औषधं शरीरात कमीजास्त होऊ शकतात, शिवाय असल्या कॅप्सूलनी लिव्हरला सूज आलेले पेशंट जगभर नोंदवलेत. भाजीतली हळद वेगळी हं.

सीटीमध्ये लिव्हरच्या गाठी वाढलेल्या निघाल्या. किमो परत चालू केलीये, पण मधला वेळ गेला तो गेलाच.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानुसार गुन्हा आहे. आम्ही एफडीएकडे (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) लेखी तक्रार दिली, सोबत पाकीट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि चॅट, आणि पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, म्हणजे १९३० नंबरवर, फोन केला. चॅट डिलीट करू नका, मामी रागाच्या भरात करणारच होती. तो नंबर आता बंद आहे, पण तोच फोटो लावून वेगळ्या नंबरवरून 'सह्याद्रीची संजीवनी' असा मेसेज मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलाय.