निकॉन २००-५००: शर्यत, रिंगण आणि भिगवणसाठी ही लेन्स घ्यावी का?

सरळ मुद्द्यावर येते. निकॉनची २००-५०० एमएम एफ/५.६ बहुतेक जण लांबचं जवळ दिसावं म्हणून घेतात, पण मला ती आवडते ती वेगळ्याच कारणासाठी. आपल्याकडे जिथे म्हणून काही पळतंय तिथे गर्दी असणारच, मागे वाढदिवसाचा फ्लेक्स, मंडपाचे बांबू, विजेचे खांब, उभ्या केलेल्या गाड्या आणि मोबाईल वर धरलेले शंभर हात. ही लेन्स ५०० ला इतका चिंचोळा तुकडा बघते की त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं हे पूर्ण तुमच्या हातात येतं. मी ती निकॉनच्या डी५०० कॅमेऱ्यावर वापरते, बैलगाडा शर्यती, वारीतलं रिंगण आणि उजनी धरणाकाठच्या भिगवणचे पक्षी या तिन्हीकडे, आणि जे लिहितेय ते याच वापरातून.

आधी बेसिक गोष्टी पटकन. लेन्स २०१५ ला आली. कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायची कडी) वजन २३०० ग्रॅम, पुढचा फिल्टर ९५ एमएमचा, २०० पासून ५०० पर्यंत अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ/५.६ च राहतं (आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) आणि कमीत कमी फोकस २.२ मीटर. त्या वेळी या किमतीत ५०० ला एफ/५.६ देणारी कंपनीची दुसरी लेन्स नव्हती, म्हणून तर इतक्या लोकांच्या खांद्यावर दिसते. डी५०० सारख्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ती ३००-७५० सारखी वागते, ५०० ला दिसणारा कोन फक्त ३ अंश १० मिनिटांचा.

आता हा आकडा मैदानात काय करतो ते बघा. समजा बैल तुमच्यापासून ३० मीटरवर आहेत आणि मागचा फ्लेक्स ९० मीटरवर. क्रॉप बॉडीवर ५०० ला ९० मीटरवरची फ्रेम जेमतेम सव्वाचार मीटर रुंद असते. तुम्ही फक्त १ मीटर डावीकडे सरकलात तर बैलांच्या मागचा भाग २ मीटरने सरकतो, म्हणजे जवळपास अर्धी फ्रेम बदलली! फ्लेक्स गेला आणि तिथे नुसती डोंगराची करडी उतरण आली. हेच २४ एमएमने केलं तर त्या २ मीटरने काहीही फरक पडत नाही कारण तिथे फ्रेमच ८८ मीटर रुंद आहे. म्हणून गाडा सुटायच्या आधी मी रिकाम्या ट्रॅककडे कॅमेरा लावून मागचं काय दिसतंय तेच बघत बसते, बैल नंतर येणारच आहेत. उभं राहून, बसून, दोन पावलं इकडे, दोन तिकडे. बसून घेतलं तर क्षितिज खाली जातं, बैल आभाळात चढल्यासारखे दिसतात, मात्र पुढच्या माणसांची डोकी मध्ये येतात, मग चढावर जागा शोधायची.

बैलगाडा शर्यतींवर २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आणि मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाच वैध ठरवला, तेव्हापासून खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटांवर (शर्यतीच्या ट्रॅकना घाट म्हणतात) कॅमेरेवाले भरपूर दिसतात. त्यातले बरेच जण वाइड लेन्स घेऊन ट्रॅकच्या तोंडाशी जातात आणि ते बघून माझा जीव वर येतो. सुटलेली जोडी कुणाची नसते. ५०० एमएम असेल तर बॅरिकेडच्या बाहेर, वरच्या अंगाला उभं राहून समोरून येणारी बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, आरामात मिळते, पुढे घोडी, मागे चार बैल, वर उडालेला पिवळा भंडारा. लांबून घेतल्यामुळे घोडी आणि बैल एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि फोटोत तो रेटा येतो जो जवळून वाइडने कधीच येत नाही.

सेटिंग म्हणाल तर शटर १/१६०० च्या खाली नेत नाही, एएफ-सी (सतत चालू राहणारा फोकस), ग्रुप एरिया (फोकससाठी एकाऐवजी पॉइंटांचा गट), आणि फोकस टार्गेट बैलाच्या डोळ्यावर नाही तर कपाळावर, कारण डोळा इतका हलतो की पॉइंट सटकतो. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण आहे, ते ६ मीटर ते इन्फिनिटीवर टाकून ठेवायचं, नाहीतर समोरून कुणाचा हात गेला की लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते आणि तेवढ्यात बारी संपते. बॉडीतलं लॉक-ऑन, म्हणजे मध्ये काही आलं तर फोकस किती लवकर तिकडे वळतो ते सेटिंग, पण थोडं सावकाशवर ठेवा. डेप्थचा, म्हणजे पुढे-मागे किती भाग शार्प येतो त्याचा हिशोब मात्र डोक्यात हवा, २० मीटरवर ५०० ला एफ/५.६ ने मिळतात जेमतेम ३५ सेंटीमीटर, म्हणजे एका बैलाचं तोंड शार्प आणि शेजारच्याचं गेलं. दोन्ही हवे असतील तर एफ/८ करा, उन्हात परवडतं.

उन्हावरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही. यात्रा चैत्र-वैशाखातल्या. सकाळी अकरानंतर जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि ५०० एमएमने लांबचं घेतलं तर फोटो पाण्यातून काढल्यासारखा मऊ येतो. ऑनलाइन ग्रुपवर लोक लिहितात लेन्स सॉफ्ट आहे, फाइन ट्यून (फोकसची बारीक दुरुस्ती) करून दिली तरी सॉफ्ट आहे, आणि फोटो बघावा तर भर दुपारचा, शंभर मीटरवरचा! ती हवा आहे, लेन्स नाही. शटर कितीही वाढवा, उपयोग नाही. उपाय दोनच, अंतर कमी करा किंवा वेळ बदला. सकाळच्या पहिल्या बाऱ्या आणि संध्याकाळच्या फायनल, यातच खरा माल मिळतो. त्यातही संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून उभं राहिलात तर उडालेली धूळ मागून पेटते, बैलांच्या पाठीची कड चमकते. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली घ्या म्हणजे धुळीचा रंग उडणार नाही.

या लेन्समधलं मला सगळ्यात आवडलेलं काय असेल तर व्हीआर, म्हणजे हाताचं हलणं सावरणारी यंत्रणा. निकॉन साडेचार स्टॉप म्हणतं. नॉर्मल आणि स्पोर्ट असे दोन मोड आहेत आणि पळणाऱ्या गोष्टीमागे कॅमेरा फिरवत असाल तर स्पोर्टच. नॉर्मलमध्ये व्ह्यूफाइंडर जास्त स्थिर दिसतो पण बर्स्ट मारताना दोन फोटोंच्या मध्ये फ्रेम जरा उडी मारते, स्पोर्टमध्ये ती हातासोबत चालते. एक लक्षात घ्या, व्हीआर तुमच्या हाताचं हलणं थांबवतं, बैलाचं नाही, त्यासाठी शटरच लागतं.

वारीतलं रिंगण ही वेगळीच परीक्षा. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला, गोल रिंगण पुढे सदाशिवनगरला, तुकोबांचं गोल रिंगण बेलवाडीला. गोल रिंगणात पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी, टाळकरी धावतात आणि मग अश्व सुटतात, एकावर स्वार असतो आणि दुसरा माउलींचा, त्यावर कुणी बसत नाही. बरेच जण जवळची कड पकडायला धडपडतात. २०० ही क्रॉपवर ३०० होते, घोडा जवळून गेला तर फ्रेममध्ये फक्त पोट मावतं. त्यापेक्षा लांबची कड बघा. समोरच्या वळणावर घोडा काही क्षण थेट तुमच्याकडे तोंड करून येतो, चारही पाय हवेत, मागे टोप्यांची आणि पताकांची नुसती भिंत. इथे मी बॅकग्राउंड साफ करायला जात नाही बरं का, उलट ती गर्दी हवीच, फक्त ती एकसारखी असावी, त्यात मध्येच पाण्याचा टँकर नको.

पॅनिंग, म्हणजे पळणाऱ्यासोबत कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर १/६० ते १/१२५. गोल रिंगणात एक अडचण येते, तुम्ही वर्तुळाबाहेर उभे असाल तर घोड्याचं अंतर सतत बदलतं, त्यामुळे तोंड शार्प मिळतं ते फक्त तो सगळ्यात जवळ येतो त्या एका क्षणाला. त्याच्या आधीपासून कॅमेरा फिरवत यायचं आणि नंतरही फिरवत राहायचं, बोट सोडलं म्हणून कंबर थांबवायची नाही. उभ्या रिंगणात दोन रांगांमधून सरळ पळणारा घोडा मिळतो, तिथे लांबून समोरून घेणं सोपं. आणि अश्व गेल्यावर कॅमेरा खाली ठेवू नका, टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात, खरा फोटो बऱ्याचदा तिथे असतो. तेव्हा ही लेन्स लांबून, कुणाला न अडवता, ते मिळवून देते. कुणाच्या तोंडासमोर लेन्स न धरता ती भावना टिपता येते याची किंमत माझ्यासाठी फार आहे.

पण आषाढ म्हणजे पाऊस. ही लेन्स महागड्या प्रो लेन्ससारखी पूर्ण सील केलेली नाही आणि झूम केलं की नळी बाहेर येते, म्हणून रेन कव्हर लागतंच, आणि ओली नळी तशीच आत ढकलू नका, आधी पुसा.

झूम रिंगबद्दलही सांगायला हवं. २०० वरून ५०० ला एका झटक्यात मनगट पुरत नाही, दोनदा पकड बदलावी लागते. धावत अंगावर येणाऱ्या गोष्टीसाठी हे जड जातं. मी आता आधीच ठरवते, ही बारी ४०० वर, ती ५०० वर, आणि मध्ये झूमला हात लावत नाही, फ्रेम भरली की तिथेच बर्स्ट. डी५०० सकट सगळं मिळून तीन किलोच्या वर जातं, तासभर हातात धरलं की खांदा बोलायला लागतो, मोनोपॉड घ्याच. रिंगणाच्या गर्दीत ट्रायपॉड नको, लोकांच्या पायात येतो.

भिगवण हे या लेन्सचं माहेर म्हणावं इतकी ती तिथे शोभते. उजनीच्या बॅकवॉटरला कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूने होडीत बसायचं, उजाडताना. रोहित पक्षी उडण्याआधी पाण्यावर पळत सुटतात आणि बहुतेक पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणून वारा तुमच्या पाठीकडून येईल अशी होडी लावायला सांगा, मग ते तुमच्याकडे तोंड करून उठतात, नाहीतर दिवसभर शेपट्याच. होडीच्या काठाला कोपर टेकवून लेन्स जितकी पाण्याजवळ नेता येईल तितकी न्या, मागचं पाणी आणि लांबचा काठ विरघळून जातो आणि शेकाट्यासारखा साधा पक्षीसुद्धा काय देखणा दिसतो. उडत्या सुरय (टर्न) पक्ष्यासाठी १/२५०० तरी हवं. पांढऱ्या पक्ष्यांना हायलाइट-वेटेड मीटरिंग (सगळ्यात उजळ भाग जळू न देणारं मोजमाप) लावा, पिसांचा तपशील राहतो. आणि कृपा करून होडीवाल्या दादांना थवा उडवायला सांगू नका, ते पक्षी तिथे खायला आणि विसाव्याला आलेत, फोटोसाठी त्यांना पळवणं मला अजिबात पटत नाही. थांबलात तर ते आपणहून उडतात.

कुस्तीसाठी मात्र ही लेन्स घेऊ नका. संध्याकाळी लाल मातीत फड रंगतो तेव्हा उजेड संपलेला असतो, एफ/५.६ वर १/१००० ठेवायचं तर आयएसओ खूप वर जातो, आणि आखाडा इतका जवळ की २०० पण जास्त. तिथे ७०-२०० एफ/२.८ चौपट उजेड घेते, तीच बरी. कबड्डीलाही तेच.

निकॉनची मिररलेस झेड बॉडी असेल तर एफटीझेड अॅडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेडला जोडणारा जोड) ही चालते, पण नवीनच घ्यायची तर २०२३ ला आलेली झेड १८०-६०० बघा, तिची नळी झूम करताना बाहेर येत नाही आणि रिंग थोडक्यात फिरते. बरेच जण तिकडे गेल्यामुळे जुनी २००-५०० सेकंडहँडला चांगली मिळते, आणि ज्याच्याकडे डी५००, डी७५०० किंवा डी८५० आहे त्याने डोळे झाकून नाही पण नीट तपासून जरूर घ्यावी. तपासायचं म्हणजे, टॉर्च मारून आतली काच बघा, मुंबई-कोकणातली असेल तर बुरशीचे धागे शोधा. झूम दोन्ही टोकांना अडकतोय का, व्हीआर चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र खरंच शांत होतंय का, कॉलरचा स्क्रू नीट आवळतो का. मग ५०० ला एफ/५.६ वर पंधरा-वीस मीटरवरची एखादी छापील पाटी घ्या, सकाळच्या थंड वेळी, आणि पूर्ण मोठी करून अक्षरं बघा. दुकानदार किंवा विकणारा एवढं करू देत नसेल तर दुसरी शोधा, बाजारात भरपूर आहेत.