‘लोकेशन आदल्या रात्री कळवू’ म्हणणाऱ्या ट्रेकवाल्यांपासून सावध

सातपुड्यातली ‘कुणालाच माहीत नसलेली’ वाट दाखवतो, असं सांगून पैसे उकळणारी मंडळी सध्या जळगाव, धुळे, नाशिक भागातल्या लोकांच्या मोबाइलवर फिरत आहेत. नावं बदलतात, रील तीच राहते. आमचे सहा जणांचे मिळून १७,०९४ रुपये गेले. माणशी तीन हजारही नाहीत, आणि त्यांचा सगळा हिशोब इथंच आहे. एवढ्याशा रकमेसाठी कोण पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतंय? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला जाणारी मंडळी. शाळेतल्या माझ्या दोघी सहकारी, पोस्टातून निवृत्त झालेले नाना, मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या वहिनी, मी आणि माझा भाचा. मनुदेवी, पाल, तोरणमाळ, लळिंग हे सगळं झालेलं. फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत, एखादी नवी वाट करावी असं चाललं होतं. तेवढ्यात भाच्याने ती रील दाखवली. धुक्यातला प्रचंड कडा, धो-धो धबधबा, तंबू, शेकोटी आणि खाली ‘सातपुडा हिडन ट्रेल, फक्त वीस जागा, चुलीवरचं अस्सल खान्देशी भरीत’.

भरताचं वांगं चुलीवर नाही, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फेब्रुवारीत आपल्याकडच्या बहुतेक नाल्यांना पाणी नसतं, सागाची पानं गळून खाली खच पडलेला असतो, हेही. जाहिरात लिहिणारा तापीकाठचा नव्हे हे त्या एका रीलमध्येच दिसत होतं. पण जाहिरात म्हटली की थोडं मीठमसाला असणारच, असं आपण धरूनच चालतो.

फोन लावला. बोलणारा मुलगा गोड, अदबशीर, दर वाक्याला ‘मॅम’. वाट नेमकी कुठं आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, “ते आम्ही सांगत नाही मॅम. जागा व्हायरल झाली की लोक येऊन प्लास्टिक टाकतात, दारू पितात. म्हणून लोकेशन आदल्या रात्री ग्रुपवर टाकतो.” नाना शेजारीच बसलेले. “पोरगा समजदार दिसतो,” म्हणाले. आणि खरंच, त्यात खोटं काय होतं? पावसाळ्यात मनुदेवीला शनिवार-रविवारी काय गर्दी होते ती आपण बघतोच.

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. एरवी हरिश्चंद्रगड, राजमाची, कळसूबाई अशा ठिकाणी कुणी थापा मारल्या तर जाऊन आलेली दहा माणसं ओळखीत सापडतात. वाटेचं नावच लपवलं की सगळी दारं एकदम बंद होतात. कोणत्या वनक्षेत्राच्या कचेरीत चौकशी करायची, नकाशात काय बघायचं, पायथ्याच्या गावात कुणाला फोन करायचा, काहीच उरत नाही. आणि हे सगळं निसर्गप्रेमाच्या नावाखाली. जास्त खोदून विचारलं तर आपणच गर्दीवाले ठरतो! जागा जपणारे खरे लोकही आहेत, मला ठाऊक आहे. ते जाहिरातीत नाव टाकत नाहीत, पण पैसे भरणाऱ्याला तालुका, अभयारण्य, पायथ्याचं गाव सांगतात. पैसे घेतल्यावरही जो नाव सांगत नाही, त्याला जागा जपायची नसते.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी ‘अर्ली बर्ड’ १,९९९. आठवड्याने वनखात्याची परवानगी म्हणून माणशी ३५०. निघायच्या आदल्या संध्याकाळी तंबूचं डिपॉझिट ५००, तेही ‘परत मिळणार’. प्रत्येक वेळी क्यूआर कोड वेगळा आणि पैसे जाताना दिसणारं नावही वेगळं. एकदा कुणा बाईंचं, एकदा कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं तर “अकाउंट्सवाले वेगळे आहेत मॅम.” पावतीवर मात्र भारदस्त लोगो आणि जीएसटी क्रमांक छापलेला. हा क्रमांक भाच्याने नंतर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो परराज्यातल्या एका कापड दुकानाचा निघाला. तिथं जायचीही गरज नव्हती म्हणा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ने सुरू होतो, हा ०९ने होत होता, म्हणजे उत्तर प्रदेशचा.

रात्री साडेदहाला ग्रुपवर दोन गोष्टी पडल्या, एक लोकेशनची पिन आणि एक पीडीएफ. पिन पाटणादेवीची. नानांनी चष्मा वर केला. “अरे, सातपुडा तापीच्या पलीकडे, उत्तरेला. पाटणा इकडे दक्षिणेला, चाळीसगावकडे, सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत. मधे अख्खं खान्देश पडलंय!” हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, “सर, एक्सटेंडेड सातपुडा आहे.” इतकी वर्षं भूगोल शिकवते, हा प्रकार पहिल्यांदाच ऐकला.

पीडीएफ तर जपून ठेवण्यासारखी आहे. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, इतका पुसट की ‘वन’ एवढंच वाचता यावं. सहीखाली नुसतं ‘फॉरेस्ट ऑफिसर’, ना नाव, ना पद, ना जावक क्रमांक. मजकुरात ‘यावल वन्यजीव अभयारण्य येथे रात्री मुक्काम व शेकोटीस परवानगी’. पाटणा पडतं गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. यावल अभयारण्य त्या टोकाला, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. आणि जिल्ह्याच्या रकान्यात काय, तर ‘खान्देश’. इंग्रजांनी १९०६ साली खान्देश जिल्हा तोडून पूर्व आणि पश्चिम असे दोन केले, त्यानंतर या नावाचा जिल्हाच उरला नाही. एका परवान्यात एवढा इतिहास-भूगोल बिघडवणं सोपं नाही. आम्ही पोट धरून हसलो, पण गाडीची तिकिटं काढलेली होती आणि डबे तयार होते. जाऊन बघू म्हणालो.

चाळीसगावला पहाटे उतरलो. न्यायला येणारी बस नव्हती. “गाईड गेटवर भेटेल” एवढा मेसेज आला, मग फोन बंद, आणि थोड्या वेळाने ग्रुपच गायब. पाटणादेवी तिथून अठरा किलोमीटर. काळीपिवळी ठरवून पोहोचलो, तर वनखात्याच्या गेटवर आमच्यासारखीच आणखी माणसं पाठीला सॅक लावून उभी. धुळ्याचं एक कुटुंब, नाशिकची कॉलेजची पोरं. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तीच पीडीएफ, फक्त नावं वेगळी.

वनरक्षकाने कागद बघितला, परत दिला. “ताई, असलं काही आम्ही देत नाही. इथं पावती फाडायची, दिवस मावळायच्या आत बाहेर यायचं. आत तंबू नाही की शेकोटी नाही. आणि या महिन्यात हा कागद घेऊन आलेले तुम्ही पहिले नाहीत.” गेटजवळ बोरं विकत बसलेली आजी हे सगळं ऐकत होती. “तंबू? आठे? रातले अस्वल फिरस माय आठे,” (इथं रात्री अस्वल फिरतं गं माय) असं अहिराणीत म्हणाली आणि पुन्हा बोरं निवडायला लागली.

ती काही घाबरवायला सांगत नव्हती. गौताळ्यात अस्वल आहे, बिबट्या आहे, आणि २०२१मध्ये टिपेश्वरकडून चालत आलेला एक वाघसुद्धा तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला होता. म्हणजे समजा, त्यांचा कुणी ‘गाईड’ खरोखर आला असता आणि आडवाटेने आत नेऊन आम्हाला रात्री तिथं झोपवलं असतं, तर पैसे गेले ते परवडले अशी वेळ आली असती. वर कायद्याचं लफडं वेगळंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय जाणं हाच गुन्हा आहे (कलम २७ आणि २८ बघा), आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. खोटा परवाना घेऊन आत सापडतो आपण. तो देणारा कुठल्या राज्यात बसलाय याचाही पत्ता नसतो.

आलोच होतो, तर रीतसर पावती फाडली आणि गावातल्या एका पोराला वाट दाखवायला सोबत घेऊन कण्हेरगड करून आलो. वाटेत नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी, खाली हेमाडपंती महादेव मंदिर. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने इथं मठ उभारला, त्याचा शके ११२८चा शिलालेख इथलाच, हे नानांनी त्या नाशिकच्या पोरांना इतक्या उत्साहाने सांगितलं की पोरं फसवणूक विसरली. सगळ्याचा खर्च माणशी दोनशेच्या आत.

तक्रार आम्ही चाळीसगाव रेल्वे स्टेशनवरूनच केली, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर. तिकडून आधी विचारतात तो व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, मग वेळ, रक्कम आणि पैसे गेलेला यूपीआय आयडी. ग्रुप उडाला तरी स्क्रीनशॉट भाच्याने काढून ठेवले होते, त्यामुळे अडलं नाही. मग सायबर पोर्टलवर लेखी. त्यातून तंबूच्या डिपॉझिटचे सहा जणांचे ३,००० रुपये समोरच्या खात्यात गोठवले गेले, कारण ते आदल्या संध्याकाळीच गेले होते. बाकीचे केव्हाच पुढच्या खात्यांत पळालेले. गोठवलेले पैसेही लगेच मिळत नाहीत. ते काम चालू आहे.

परतीच्या गाडीत भाच्याने रीलमधल्या कड्याचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा निघाला! हे काम मिनिटभराचं, आणि पैसे भरायच्या आधीही करता येतं.

इथंही संपलं नाही. काही दिवसांनी वहिनींना फोन आला, “ट्रेक कॅन्सल झाल्याबद्दल रिफंड विभागातून बोलतोय, कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.” वहिनी दिवसभर मेडिकलच्या गल्ल्यावर यूपीआयच घेत असतात. “पैसे यायला पिन लागत नाही रे बाबा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. एकदा फसलेल्यांचे नंबर या लोकांकडे यादीत असतात, तेव्हा असा दुसरा फोन येणार हे धरूनच चाला.

दुसऱ्या एका प्रकाराबद्दलही सांगते, कारण त्याची तक्रारही करता येत नाही. शाळेतल्या एका बाईंना तोरणमाळला ‘सीताखाईत उतरणारी गुप्त वाट’ म्हणून नेलं. प्रत्यक्षात शहाद्याहून जीप, यशवंत तलाव, सीताखाई वरूनच बघायची, खडकी पॉइंट, जेवण आणि परत. विचारलं तर “वाट बंद आहे, बिबट्या दिसलाय.” तोरणमाळ हे साडेतीन हजार फुटांहून उंचावरचं, डांबरी रस्त्याने पोहोचता येणारं ठिकाण आहे. एसटीच्या भाड्यात होणारी सहल त्यांनी ट्रेकच्या भावात विकली. यात खोटी पीडीएफ नाही, फोनही बंद नाही. पोलीस काय लिहून घेणार?

आता मी पैसे भरायच्या आधी काय विचारते ते सांगते. साहसी पर्यटनाचे कार्यक्रम घेणाऱ्यांसाठी राज्याने २०२१मध्ये धोरण आणलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणते. उद्यमचा, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा कागद दाखवतात, तो कुठलाही धंदा करणाऱ्याला मिळतो, त्यावरून ट्रेक नेण्याची पात्रता कळत नाही. वाट कोणत्या अभयारण्यात, पायथ्याचं गाव कोणतं आणि तिथला वाटाड्या कोण हे विचारते, आणि त्या वाटाड्याशी स्वतः बोलते. सातपुड्यात आणि इकडे अजिंठ्याच्या रांगेतही वाटा माहीत असतात त्या पाड्यांवरच्या, गुरं चारणाऱ्या माणसांना. आयोजक खरा असेल तर त्यांचा नंबर द्यायला कचरत नाही.

मागच्या आठवड्यात तीच रील नव्या नावाने आली आहे. आता ‘सीक्रेट यावल जंगल कॅम्प’, भाव २,२९९, धबधबा तोच आणि कोकणकडाही तोच. धुळ्याच्या आणि नाशिकच्या मंडळींनीही आपापल्या तक्रारी नोंदवल्या आहेत. तुमचे पैसे गेले असतील तर तुमची तक्रार वेगळी करा, आमच्या तक्रारीत नाव घालून चालत नाही. यूटीआर क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये मिळेल, आणि ग्रुप उडायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा.